पिशवीतली खंजिरी

"भाऊ, आमचा तबला खोटा वाजून राहिला."

फोनवर आधी तक्रार आली, नाव-पत्ता नंतर. आवाजच येत नाही, एकाच बाजूनं येतो, हम मारतो, जळका वास येतो, या तक्रारी मला पाठ आहेत. खोटा वाजतो, ही नवीन होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मीटर, पेचकस आणि टॉर्च पिशवीत टाकून निघालो.

माझं घर मानेवाडा-बेसा रस्त्यापासून आत, एका ले-आउटमध्ये. प्लॉट घेतला तेव्हा समोर तुरीचं शेत होतं आणि पावसाळ्यात रात्रभर बेडूक ओरडायचे. आता चारी बाजूंनी फ्लॅट स्कीम. खाली पार्किंगला लागून एक खोली आहे. तिथे माझं टेबल, सोल्डरिंग गन, कोन बदलायला आलेले वूफर आणि कोणी परत न्यायला न आलेल्या कॅसेट डेकची थप्पी. त्याआधी एकवीस वर्षं मी साउंडवर होतो. लग्नं, सभा, भागवत सप्ताह आणि नागपुरात गाण्याचं जे काही होईल ते. सिव्हिल लाइन्समधल्या वसंतराव देशपांडे सभागृहात किती रात्री काढल्या, मोजल्या नाहीत. पाठ बोलायला लागली तेव्हा बॉक्स उचलणं सोडलं आणि दुरुस्तीला बसलो.

फोन करणारे काका चौथ्या मजल्यावर राहतात. बँकेतून रिटायर झालेले. रिटायरमेंटच्या पैशातून छातीएवढे उंच दोन स्पीकर घेतलेले, आणि ते ठेवले होते घरातल्या सगळ्यात लहान खोलीत, कारण हॉलमध्ये काकूंची टीव्ही मालिका. आत शिरल्याबरोबर मी एक टाळी वाजवली. टाळीमागून बारीक टर्र्र असा आवाज समोरासमोरच्या भिंतींमध्ये धावत गेला. खाली गुळगुळीत टाइल्स, वर पीओपी, चारी भिंती कोऱ्या. टेप काढली. दहा बाय दहा, आणि उंची साडेनऊ. नागपूरचे बिल्डर 'दहा बाय दहाची बेडरूम' मोठ्या अभिमानानं सांगतात. आवाजाच्या दृष्टीनं याहून वाईट खोली मुद्दाम बांधायची म्हटली तरी अवघड. कुठल्याही खोलीत समोरासमोरच्या भिंतींच्या अंतराप्रमाणे एक खालचा सूर फुगतो. दहा फुटांना तो साधारण सत्तावन्न हर्ट्झवर येतो. लांबी, रुंदी, उंची वेगवेगळी असली की ही सूज तीन ठिकाणी वाटली जाते. इथे तिन्ही मापं जवळजवळ सारखी, त्यामुळे सगळी सूज एकाच जागी. बायाचा, म्हणजे डग्ग्याचा, घुमारा नेमका त्याच इलाक्यातला. तबलजी घिस्सा मारून सूर सरकवायचा आणि तो त्या जागेवर पोचला की सबंध खोली 'भोंऽऽ' करून उठायची.

मला वाटलं, रोग सापडला. कोपऱ्यात गाद्या, समोर जाड सतरंजी, स्पीकर भिंतीपासून दोन फूट पुढे. हे सांगून मोकळा झालो असतो. पण काकूंनीच खोडा घातला. म्हणाल्या, दुसऱ्या मजल्यावरचा मुलगा तबला शिकतो, त्यालाच बोलवा ना, मग कळेल खरं काय आणि खोटं काय. मुलगा आला, दारात चपला काढल्या, आमच्यासमोर टाइल्सवर बसून दोन मिनिटं त्रितालाचा ठेका आणि एक कायदा वाजवला. मला तर सुख झालं. चाटीवर बोट पडलं की कातड्याचा कोरडा 'ट' आणि त्यामागून सुराची बारीक रेघ, दोन्ही वेगवेगळे ऐकू येत होते.

काका गप्प. मग म्हणाले, "हा तर अगदीच बारीक वाटून राहिला न."

"अहो, हाच खरा तबला," काकू म्हणाल्या.

"मग मी आजवर ऐकला तो कोणता?"

मी विचारलं, कुठे ऐकलात? त्यांनी कार्यक्रम सांगितले. साल, कलाकार, कुठल्या रांगेत बसले होते, सगळं पाठ. त्यातल्या निदान तीन रात्री देशपांडे सभागृहात मिक्सरवर मी होतो. बायापासून चार बोटांवर माइक लावणारा मीच. माइक इतका जवळ नेला की खालचे सूर आपोआप फुगतात, ही त्या जातीच्या माइकची खोडच आहे. वरून मी ऐंशी-शंभर हर्ट्झची दांडी थोडी आणखी वर सरकवायचो, कारण मागच्या रांगेत छातीत धक्का बसला की लोक खूश आणि आयोजक पुढच्या वर्षी पुन्हा बोलावतो. काकांच्या कानात बसलेला तबला मी घडवला होता. आता तोच त्यांच्या स्पीकरमधून निघत नव्हता म्हणून मलाच दुरुस्तीला बोलावलं होतं. व्हिजिटचे तीनशे रुपये मागायला त्या दिवशी जीभ रेटली नाही.

मशीनचा आवाज नैसर्गिक आहे की नाही हे कशाशी ताडून बघायचं, हा झगडा फार जुना आहे. 1915 पासून एडिसनच्या कंपनीनं अमेरिकेत गावोगाव जाहीर परीक्षा लावल्या. स्टेजवर गायिका उभी, शेजारी फोनोग्राफ. मध्येच अंधार करायचा आणि लोकांनी ओळखायचं, बाई गाते आहे की तबकडी. लोकांना फरक कळला नाही, अशा जाहिराती छापून यायच्या. त्या गायिका तबकडीच्या बेतानं आपला आवाज आवरून गायच्या, हे पुष्कळ पुढे बाहेर आलं. 1954 साली स्पीकर बनवणारे गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये खरं वाजवणं आणि रेकॉर्डिंग शेजारी शेजारी ठेवून हजारोंना ऐकवलं. 1973 मध्ये अमेरिकेत 'द अब्सोल्यूट साउंड' नावाचं मासिक निघालं. त्याचा दंडक असा की, कुठलाही स्पीकर जोखायचा तो खऱ्या जागेत, माइकशिवाय वाजलेल्या वाद्यांशी ताडून. दंडक पटण्यासारखा आहे. त्यांच्याकडे शंभर माणसांचा ऑर्केस्ट्रा आजही माइकशिवाय वाजतो, शनिवारी जाऊन ऐकावं आणि रविवारी घरच्या स्पीकरला जाब विचारावा. आमच्याकडे शनिवारी जिथे जावं तिथे आधी माझ्यासारखा माणूस बसलेला असतो.

काकांच्या घरून आल्यावर मी एक वही केली आणि नागपुरात उघडा आवाज कुठे कुठे मिळतो ते लिहायला बसलो. यादी लवकर संपली. मारबतीच्या मिरवणुकीतले ताशे उघडे आहेत, पण त्यांच्याशी कोणता स्पीकर ताडणार? ताजबागच्या उर्साचे संदल तसेच. महालातल्या एखाद्या जुन्या वाड्यात अजून कधीमधी पंधरा-वीस माणसांची बैठक होते. गाण्याचे क्लास आहेत. आमच्या ले-आउटमधल्या देवळात गुरुवारी भजन होतं, तिथे मोठ्या आशेनं गेलो. बारा फुटांच्या गाभाऱ्यासमोर चौदा माणसं आणि दोन बॉक्स! पेटीला माइक, मृदंगाला माइक, टाळालासुद्धा माइक. म्हाताऱ्या बुवांना विचारलं, एवढ्याशा जागेत माइक कायले? तर म्हणाले, "माइक नसला तं भजन झाल्यासारखं वाटत नाही बाप्पा."

तरी त्याच बुवांनी मला वाट दाखवली. भजन संपल्यावर सगळं आवरताना त्यांनी खंजिरी उचलली आणि उगाच एक ठेका धरला. माइक बंद होता. विदर्भात ज्याचं बालपण गेलं त्याला खंजिरी सांगावी लागत नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ती हातात घेऊन गावंच्या गावं जागी केली. आमच्या विद्यापीठाला आज त्यांचं नाव आहे. माझ्या आजोबांच्या गावात सामुदायिक प्रार्थनेनंतर खंजिरी वाजायची, ती मी ओसरीवर झोपेत ऐकलेली. लाकडाचं कडं, त्यावर ताणलेलं कातडं, कड्यात बसवलेल्या पितळी चकत्या. बोटाचा फटका कातड्यावर पडतो तो एक आवाज, चकत्या एकमेकींवर आपटतात तो दुसरा, आणि हात थांबला तरी त्या क्षणभर किणकिणत राहतात तो तिसरा. हे तिन्ही वेगळे ऐकवणारा ट्विटर मी हजारात एक पाहिला. बाकीचे चकत्यांचा 'छिस्स' करून टाकतात, जसं काही कोणी सोड्याची बाटली उघडली.

बुवांकडून जुनी खंजिरी मागून आणली. तेव्हापासून ती पिशवीत असते. आमच्या गच्चीवर बुवांना बसवून, चार फुटांवर माइक ठेवून दहा मिनिटांचं एक रेकॉर्डिंग केलंय, कुठलाही फेरफार न करता. कोणाकडे गेलो की ते त्याच्या स्पीकरवर लावतो आणि शेजारी उभा राहून खंजिरी हलवतो. गिऱ्हाईक आधी हसतं. एका शाळकरी मुलीनं विचारलं होतं, काका तुम्ही नंदीबैलवाले का? पण एकदा कानाला उघडी चकती लागली की पुढचं समजावून सांगावं लागत नाही. माणूस स्वतःच म्हणतो, "हाव ना, हा तं फुसफुसून राहिला."

यात माझी एक अडचण आहे. लहानपणी शेजारच्या घरी टीव्ही चालू आहे की बंद, हे मला आवाज बंद असला तरी बाहेरून कळायचं. जुन्या काचेच्या टीव्हीतून 15,625 हर्ट्झची बारीक शिट्टी निघायची, ती ऐकू यायची. आज पंचावन्नाव्या वर्षी बारा हजारांच्या वर माझ्याकडे शुकशुकाट आहे. एकवीस वर्षं बॉक्ससमोर उभं राहिल्याची किंमत. म्हणून शेवटची तपासणी मुलीकडून करून घेतो. ती अभ्यास करता करता मान वर न उचलता सांगते, डाव्या बाजूचा वरचा आवाज मेलाय. आणि मेलेला असतो.

खंजिरी वरच्या सुरांसाठी. बाकीच्या सगळ्यासाठी तंबोरा.

पलीकडच्या ले-आउटमध्ये एक बाई गाणं शिकवतात. त्यांच्याकडे मिरजेचा तंबोरा आहे, काळी एकला लावलेला. त्याचा खर्ज एकोणसत्तर हर्ट्झच्या आसपास, आणि तिथून वर उपस्वरांची शिडीच्या शिडी. घोडीच्या किंचित गोलसर माथ्यावर तारेखाली दोरा सरकवून जवारी लावली की तार नुसती वाजत नाही, तिच्यातून एकेक उपस्वर वर चढत जातो आणि खर्जाच्या तारेतून कोणी न छेडलेला गंधार उमलतो. यात भौतिकशास्त्राचाही एक कोपरा आहे. तार ज्या जागी छेडावी तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू येतो तो उपस्वर उमटू नये, असा युरोपातला मान्य नियम होता. तंबोरा तो पाळत नाही, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 साली कलकत्त्याहून दाखवून दिलं. हेच रामन 1910 मध्ये सरकारी लेखा खात्यात बदलीवर आमच्या नागपुरात होते. ज्यांच्या नावाचं ते सभागृह, त्या गायक वसंतराव देशपांड्यांनीही पुण्यात लष्कराच्या हिशेबखात्यात कितीतरी वर्षं नोकरी केली. जमाखर्च लिहिणाऱ्यांना सूर इतका नेमका का ऐकू येतो, यावर कोणीतरी लिहायला हवं.

तंबोरा मला हवा होता तो त्या शिडीसाठी. वूफर संपून ट्विटर सुरू होतो त्या सांध्यावर स्पीकर कच्चा असला तर चढणारा उपस्वर तिथे येऊन अडखळतो. गाण्यात हे लपून जातं, तंबोऱ्यात लपत नाही.

डिसेंबरात पहाटे पाचला बाईंचा तंबोरा आमच्या गच्चीवर नेला. गच्ची यासाठी की खोलीत रेकॉर्ड करून पुन्हा खोलीत वाजवलं तर खोली दोनदा ऐकू येते. पाचला यासाठी की साडेपाचनंतर मुरुमाचे टिप्पर सुरू होतात. कडाक्याची थंडी, बाई शाल लपेटून बसलेल्या, मी रेकॉर्डर धरून उकिडवा. वीस मिनिटं मिळाली. त्या रविवारी त्यांच्या क्लासमध्ये पडदा लावला. पडद्याआड एका बाजूला खरा तंबोरा घेऊन बाई, दुसऱ्या बाजूला स्टुलावर माझा स्पीकर. समोर नऊ विद्यार्थी पाठीला पाठ लावून बसवले, म्हणजे एकमेकांची तोंडं बघून उत्तरं द्यायला नकोत.

पहिल्याच फेरीत अकरा-बारा वर्षांच्या मुलीनं हात वर केला. "मशिनचा चढा आहे." मी स्पीकरच्या गुणदोषांची तयारी करून बसलेलो आणि पोरीनं सूर पकडला! गच्चीवरच्या गारठ्यात तारा आखडल्या होत्या, रेकॉर्डिंग चढं झालं होतं. क्लासच्या उबेत तंबोरा उतरलेला. आधी ताडून घेतलं नाही ही माझी चूक. बाईंनी मणी सरकवत तंबोरा रेकॉर्डिंगला मिळवून घेतला आणि पुन्हा सुरुवात केली. आता आवाजाची पातळी जुळवणं आलं. हे मी फार महाग शिकलोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मागे एका गिऱ्हाईकाच्या जुन्या स्पीकरचे क्रॉसओव्हरमधले कपॅसिटर बदलून दिले होते. लावून ऐकलं तर काय सांगू, पडदा उघडल्यासारखं! दोघंही खूश, मी साडेचार हजार घेतले, चार लोकांना कौतुकानं सांगितलं. दोन महिन्यांनी दुसऱ्या कामासाठी तोच स्पीकर उघडला तेव्हा दिसलं की ट्विटरला समांतर बसणारा एक रेझिस्टर मी जोडायचाच विसरलो होतो. ट्विटर दीड डेसिबलनं जोरात वाजत होता, एवढाच तो चमत्कार. रेझिस्टर लावून दिला तर गिऱ्हाईक म्हणालं, आधीच बरा होता, दाबून टाकला तुम्ही आवाज. माणसाचा कान असा आहे. जरा जोरात वाजलेलं त्याला 'जोरात' वाटत नाही, 'चांगलं' वाटतं. आता दोन अँप्लिफायर ताडायचे असले की चारशे हर्ट्झचा सूर सोडून स्पीकरच्या टर्मिनलवर मीटर लावतो. याचे दोन व्होल्ट तर त्याचेही दोनच. शोरूममध्ये कोणी एवढं करत नाही, आणि जो डबा विकायचा असतो त्याचं बटण कायम अर्धा काटा पुढे असतं.

खऱ्या वाद्याशी ताडताना तर हे आणखी चावतं. तंबोरा मुळात किती हळू आवाजाचं वाद्य आहे! एका हातावर बसलं की बोलणंसुद्धा त्याच्यावर पडतं. घरोघरी मात्र तो स्पीकरवर असा लावतात की बाईच्या मांडीवर हत्ती बसलाय. प्रत्येक वाद्याला त्याच्या अंतराप्रमाणे एकच खरी पातळी असते, ती सोडली की सगळ्यात महाग स्पीकरही खोटं बोलतो. त्या दिवशी विद्यार्थी बसले होते तिथे मीटर ठेवून खरा आणि मशीनचा काटा एकावर एक आणला.

नऊपैकी पाच जणांनी बरोबर ओळखलं, चौघं चुकली. म्हणजे छापा-काटाच. मी मनातल्या मनात फुशारलो. पण एकाही फेरीत न चुकलेला एक मुलगा होता, त्याला विचारलं कसं ओळखलंस. म्हणाला, "खरा खालून येते, सर." खालून म्हणजे? त्यानं टाइल्सवर तळहात टेकवून दाखवला. तंबोऱ्याचा भोपळा जमिनीवर टेकलेला, त्याची थरथर फरशीतून त्याच्या बुडाला लागत होती. माझा स्पीकर स्टुलावर! मी स्पीकर खाली ठेवला, खाली रबर घातलं, रबर काढलं, लाकडी पाट घातला. पाटावर जवळपास आलं. तोही मग एकदा चुकला, आणि चुकल्याचं त्याला वाईट वाटलं.

सगळी गेल्यावर बाई चहा गाळत म्हणाल्या, "एक सांगू का? दुसऱ्या फेरीपासून मी तुमच्या रेकॉर्डिंगसारखंच छेडत होते हो. मुद्दाम नाही, हात आपोआप तसा जायला लागला."

मी एडिसनच्या त्या गायिका सांगितल्या. त्या हसल्या, मग जरा वेळानं म्हणाल्या, आमच्या मुली तरी काय, मोबाइलमधल्या तंबोऱ्यावर रियाज करतात आणि खऱ्यासमोर बसवल्या की बिचकतात. खरा हलतो ना. मिनिटामिनिटाला थोडा उतरतो, चढतो, त्याला सांभाळावं लागतं.

काकांचं राहिलंच. त्यांच्या खोलीत कापसाच्या दोन जुन्या गाद्या गुंडाळून कोपऱ्यात उभ्या केल्या, समोरच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट सरकवलं, स्पीकर पुढे ओढले. बाया शांत झाला. पण काकांचा चेहरा पडलेला. "सिनेमाच्या गाण्यातला दम गेला," म्हणाले. मग मी एक लबाडी केली, आणि ती मला अजूनही गैर वाटत नाही. फरशीवर रंगीत टेपच्या दोन खुणा केल्या. भिंतीलगतच्या लाल खुणेवर स्पीकर ठेवले की सभागृहातला माझा जुना तबला; पुढच्या निळ्या खुणेवर दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाचा. ज्या दिवशी जो हवा तो. कान ताजा ठेवायला म्हणून खंजिरीही आठवडाभर त्यांच्याकडे सोडून आलो.

आठवड्याचा महिना झाला. एका गिऱ्हाईकाकडे जायचं होतं म्हणून ती परत आणायला गेलो. जिना चढताना तिसऱ्या मजल्यावरच खंजिरी ऐकू आली, सोबत माझ्याच रेकॉर्डिंगमधले बुवा. क्षणभर थांबून ऐकलं. दोन खंजिऱ्या होत्या. एक ठेक्यात होती आणि दुसरी दर चौथ्या मात्रेला चुकत होती, त्यामुळे खरी कोणती हे ओळखायला काही कष्ट पडले नाहीत.

काकूंनी दार उघडलं. मला बघून हात जोडले.

"घेऊन जा बाप्पा ती एकदाची. दिवसभर वाजवून राहिले."